बर्फातील वाट आणि गरिबाचे दार : संत पिएर जॉर्जो फ्रासाती



येत्या ४ जुलै रोजी संत पिएर जॉर्जो फ्रासाती ह्यांचा स्मृतिदिन आहे. त्या दिवसांत आपल्या अच्छाड-तलासरी भागात भातलावणीची घाई असते. पाड्यापाड्यांवर आवण काढणे चालू असते, पायवाटा चिखलाने भरलेल्या असतात आणि मिस्साला येणाऱ्यांच्या चपला चर्चच्या पायरीवर धुवाव्या लागतात. अशा दिवसांत बर्फाळ डोंगरांवर चढणाऱ्या आणि घसरत उतरणाऱ्या एका इटालियन तरुणाची कथा सांगावी, हे काहींना विचित्र वाटेल. आपल्यापैकी बहुतेकांनी बर्फ पाहिला आहे तो गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर मासळीच्या पेटीत. तरीही ही कथा आपल्याच घरांतली वाटावी अशी आहे. म्हणून ह्या रविवारी ती सांगतो.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी रोममध्ये दोन तरुणांना संत म्हणून घोषित केले. त्यांपैकी कार्लो अकुतिस आपल्या मुलांना चांगलाच ठाऊक झाला आहे. संगणकावर काम करणारा मुलगा म्हणून त्याचे चित्र घरोघरी पोहोचले. दुसरे पिएर जॉर्जो. ते मात्र आपल्याकडे थोडे मागेच राहिले. मृत्यूच्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्या युवक संघातल्या मुलांएवढे. म्हणून येथे त्यांच्याविषयी घरातल्या मुलाविषयी बोलावे तसे एकेरीतच लिहितो.

श्रीमंत घरातील मुलगा

पिएर जॉर्जोचा जन्म ६ एप्रिल १९०१ रोजी, पवित्र शनिवारी, उत्तर इटलीतील तोरीनो शहरात झाला. वडील आल्फ्रेदो हे ‘ला स्टाम्पा’ ह्या मोठ्या दैनिकाचे संस्थापक. पुढे ते सिनेटर झाले आणि १९२० ते १९२२ ह्या काळात जर्मनीत इटलीचे राजदूत होते. आई आदेलाइदे चित्रकार होती. लुचाना नावाची एक धाकटी बहीण. घरात पैसा, मान, नोकरचाकर सगळे होते. प्रार्थनेला मात्र फारशी जागा नव्हती. वडिलांचा देवावर विश्वास नव्हता आणि आईचा धर्म रीतीपुरता होता. शिवाय आईवडिलांचे आपसात पटत नव्हते. जेवणाच्या टेबलावर वेळेवर हजर राहायचे, शिस्त पाळायची आणि फार बोलायचे नाही, असे ते घर होते.

शाळेत तो हुशार नव्हता. लॅटिनमध्ये नापास झाला. त्यामुळे त्याला जेझुइट फादरांच्या शाळेत घालण्यात आले. घरच्यांच्या दृष्टीने ही नामुष्कीच होती. पण त्या शाळेत त्याला रोज ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची सवय लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. हे सगळे नुसती सवय होऊन जाईल अशी आईला काळजी वाटत होती. मुलाने ती काळजी बोलून नव्हे तर वागून दूर केली.

ज्यांची मुले दहावीला अडकली आहेत त्या आईबापांनी हा भाग लक्षात ठेवावा. नापास झालेल्या मुलाला दुसऱ्या शाळेत घालण्याचा तो दिवस फ्रासाती कुटुंबाला वाईट वाटला होता. मुलाचे पुढचे सगळे आयुष्य त्या दिवसापासून घडत गेले.

बर्फातील वाट

तोरीनो शहर आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी आहे. हवा स्वच्छ असली की शहराच्या रस्त्यावरून बर्फाची शिखरे दिसतात. लाकडी पट्ट्या पायाला बांधून बर्फावरून चालण्याची आणि घसरण्याची विद्या, म्हणजे स्कीइंग, मूळची नॉर्वेसारख्या थंड देशांतली. तोरीनोत ती १८९६ साली आडोल्फो किंड ह्या स्विस इंजिनियरने आणली. तेथील स्की क्लब १९०१ मध्ये, म्हणजे पिएर जॉर्जोच्या जन्माच्याच वर्षी, स्थापन झाला. पहिले हिवाळी ऑलिंपिक १९२४ मध्ये आल्प्सच्याच पलीकडच्या अंगाला, फ्रान्समधील शामोनी येथे भरले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होणार होता. थोडक्यात, हा खेळ आणि हा मुलगा बरोबरच वाढले.

आज दूरदर्शनवर आपण पाहतो त्यात खेळाडू तारेच्या पाळण्यात बसून वर जातात आणि सपाट केलेल्या उतारावरून खाली येतात. त्या काळी तसे पाळणे नव्हते. पहाटेची आगगाडी पकडायची, दरीतल्या एखाद्या छोट्या स्टेशनावर उतरायचे आणि तेथून स्वतःच्या पायांनी तासन् तास जंगलातून वर चढायचे. सुमारे दोन मीटर लांबीच्या लाकडी पट्ट्या चामड्याच्या पट्ट्यांनी बुटाला बांधलेल्या असत. चढताना टाच मोकळी राही. मागे घसरू नये म्हणून पट्ट्यांच्या तळाला सीलच्या कातड्याची लांब पट्टी लावत. त्या कातड्याचे केस एकाच दिशेने असतात, त्यामुळे पाय पुढे सरकतो पण मागे येत नाही. वर पोहोचल्यावर कातडी काढून घ्यायची आणि झाडांमधून वाट काढत खाली उतरायचे. झाडाचे बुंधे, बर्फाखाली झाकलेले दगड, मध्येच आलेला ओहोळ, धुके, आणि चार वाजल्यापासून मावळू लागणारा उजेड. ताजे बर्फ पडल्यानंतर एखादा उतारच्या उतार कोसळून माणसे गाडली जाण्याचे भय वेगळे.

अशा वाटेत सर्वात पुढे असणाऱ्याचे काम सर्वात कठीण असते. गुडघ्याएवढ्या भुसभुशीत बर्फात त्याला वाट पाडावी लागते. मागचे त्याच्या खुणेवरून चालतात, म्हणून त्यांना कमी श्रम पडतात. पुढचा दमला की तो बाजूला होतो आणि दुसरा पुढे येतो. पावसाळ्यात कमरेएवढ्या गवतातून पाड्यावर जाणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पहिला गवत दाबतो, काठीने जनावर हुसकावतो, आणि मागची पोरे सुखाने येतात.

पिएर जॉर्जो इटालियन आल्पाइन क्लबचा आणि ‘जोव्हाने मोंताञ्ञा’ ह्या कॅथोलिक गिर्यारोहक मंडळाचा सभासद होता. उन्हाळ्यात तो शिखरे चढे आणि हिवाळ्यात मित्रांबरोबर बर्फात जाई. अंगाने तो धिप्पाड होता. आवाज मोठा, गाणे बेसूर, तोंडात पाईप. दमलेल्याचे ओझे आपल्या पाठीवर घेणारा सोबती म्हणून मित्र त्याला ओळखत. रविवारची मिस्सा चुकणार असेल तर तो सहलीला येत नसे. आधी मिस्सा, मग डोंगर, हा त्याचा नियम होता, आणि त्यासाठी तो अंधारातच उठे. पोल्लोने गावी आजोळच्या घरी असताना तो पहाटे डोंगरातील ओरोपाच्या मरियामातेच्या तीर्थाला चालत जाऊन येई.

डोंगराची आवड ख्रिस्तसभेला नवी नाही. पिएर जॉर्जोच्या तारुण्यात पोप होते पायस अकरावे. ते स्वतः गिर्यारोहक होते. धर्मगुरू असताना १८८९ मध्ये त्यांनी मोंते रोझा पर्वत त्याच्या अवघड पूर्वेकडील कड्यावरून चढला होता. १९२३ साली त्यांनी आओस्ताचे संत बर्नार्ड ह्यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून नेमले. ह्या संतांनी अकराव्या शतकात आल्प्समधील खिंडीत, सुमारे २,४७० मीटर उंचीवर, बर्फात अडकलेल्या वाटसरूंसाठी आश्रम उघडला. तो आजही चालू आहे. बर्फात वाट चुकलेल्याला शोधायला जाणे हे तेथील साधूंचे शतकानुशतकांचे व्रत होते.

टवाळांची टोळी

१८ मे १९२४ रोजी पिएर जॉर्जोने मित्रमैत्रिणींचे एक मंडळ काढले. नाव ठेवले ‘तिपी लोस्की’, म्हणजे साधारणपणे संशयित इसम. पोलीस दप्तरात शोभावे असे हे नाव त्यांनी थट्टेने घेतले होते. मंडळाच्या गमतीदार नोटिसा निघत. प्रत्येकाला टोपणनाव असे. पिएर जॉर्जोने स्वतःला रोबेस्पिएर हे फ्रेंच क्रांतीतल्या जहाल पुढाऱ्याचे नाव घेतले होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा पोरखेळ वाटे. आत मात्र एक करार होता : आपण कुठेही असलो तरी एकमेकांसाठी प्रार्थना करायची. बिलियर्डच्या खेळातही त्याची पैज ठरलेली असे. तो हरला तर पैसे देई, आणि समोरचा हरला तर त्याने पवित्र साक्रामेंतासमोर आराधनेला बसायचे.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या संतपदाची प्रक्रिया १९३२ मध्ये सुरू झाली आणि पुढे ती अनेक वर्षे थांबली. मुलेमुली मिळून डोंगरात जात असत, त्याबद्दल काहींनी घेतलेला संशय ह्या थांबण्याला कारण झाला होता. चौकशीत त्यात काही तथ्य निघाले नाही. बहीण लुचाना हिने भावाच्या आठवणी, पत्रे आणि साक्षी गोळा करण्यात आयुष्य घालवले. पोप पॉल सहावे ह्यांच्या काळात प्रक्रिया पुन्हा उघडली आणि २० मे १९९० रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. हे पोपही तरुणपणापासून स्कीइंग करणारे आणि डोंगर चढणारे होते. पण मधली वर्षे गेली ती गेलीच. चार लोकांच्या कुजबुजीने केवढे नुकसान होते, ह्याचा विचार आपण गावाच्या नाक्यावर बसून करावा.

गरिबाचे दार

१९१८ मध्ये, सतराव्या वर्षी, तो संत विन्सेंट डी पॉल सोसायटीत दाखल झाला. त्याच वर्षी त्याने तोरीनोच्या पॉलिटेक्निकमध्ये खाणकाम अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. खाणीतल्या मजुरांचे हाल मोठे होते आणि त्याला त्यांच्यात राहून काम करायचे होते. १९२२ मध्ये तो संत डॉमिनिकच्या तिसऱ्या संघाचा प्रापंचिक सभासद झाला.

शहरातील अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांकडे तो नियमित जाई. कोणाचे औषध, कोणाचे भाडे, कोणासाठी काम शोधणे, कोणाची गहाण पडलेली वस्तू सोडवणे. घरचे श्रीमंत असले तरी त्याच्या हातात पैसे थोडेच असत. म्हणून तो ट्रामचे भाडे वाचवी आणि जेवणाची वेळ चुकू नये म्हणून घरापर्यंत पळत येई. आगगाडीत तो तिसऱ्या वर्गाने जाई आणि उरलेले पैसे देऊन टाकी. घरात मात्र ह्याची वार्ता नव्हती. मुलगा उशिरा येतो, अभ्यासात मागे पडतो, डोंगरात भटकतो, एवढेच आईवडिलांना दिसत होते.

तो भाबडा नव्हता. दान देऊन काम संपत नाही, मजुरी आणि कायदे न्यायाचे हवेत, हे तो जाणून होता. म्हणून १९२० मध्ये तो पीपल्स पार्टी ह्या पक्षात गेला. १९२१ मध्ये रोममध्ये कॅथोलिक तरुणांच्या मोर्चात पोलिसांशी झटापट झाली तेव्हा त्याने संघाचे निशाण सोडले नाही आणि त्याला अटक झाली. मुसोलिनीच्या फॅसिस्टांना त्याचा उघड विरोध होता. १९२४ मध्ये फॅसिस्ट गुंड त्यांच्या घरात घुसले, तेव्हा त्यानेच त्यांना पिटाळून लावले.

जर्मनीत असताना तो फ्रायबुर्ग शहरात रानर कुटुंबाकडे काही दिवस राहिला होता. त्या घरातील कार्ल पुढे विसाव्या शतकातील थोर ईशज्ञानी झाले. आम्ही सेमिनारीत असताना त्यांचे जाडजूड ग्रंथ वाचता वाचता घाम फुटे. त्या पंडिताने पुढे ह्या साध्यासुध्या पाहुण्याविषयी आदराने लिहिले, हे मला फार बोलके वाटते. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की सद्गुण एका दिवसात येत नाही, तोच तो चांगला व्यवहार पुन्हा पुन्हा केल्याने तो अंगी मुरतो. चढणाऱ्या पायांचेही तसेच असते. पिएर जॉर्जोने पायांना आणि मनाला एकाच वेळी वळण लावले.

त्याने सोडलेल्या गोष्टी

संतांच्या चरित्रात आपण चमत्कार शोधतो. मला मात्र त्याच्या शेवटच्या वर्षातील दोन माघारी महत्त्वाच्या वाटतात. लाउरा हिदाल्गो ह्या मंडळातल्या मुलीवर त्याचे प्रेम होते. ती अनाथ होती आणि घरचे लोक तिला स्वीकारणार नाहीत हे त्याला माहीत होते. आईवडिलांचा संसार त्या वेळी तुटण्याच्या बेतात होता. आपले घर बसवताना त्यांचे घर मोडू नये म्हणून त्याने ते प्रेम मनातच ठेवले. दुसरे म्हणजे खाण अभियंता होण्याचे स्वप्न. पदवीला थोडेच पेपर उरले असताना वडिलांनी त्याला वर्तमानपत्राच्या कामात घ्यायचे ठरवले. त्यालाही त्याने होकार दिला. त्याने केले ते सगळ्यांनी तसेच करावे असे मी म्हणणार नाही. आईबापांनी मुलांकडून असे बलिदान मागूही नये. पण त्याने ते कडवटपणाशिवाय केले, हे खरे.

७ जून १९२५ रोजी तो लान्झो खोऱ्यातील कड्यावर चढायला गेला. ही त्याची अखेरची चढाई. त्या दिवशीच्या छायाचित्रावर त्याने, वरच्या दिशेने जायचे, अशा अर्थाचे दोनच शब्द लिहिले. आज जगभरचे युवक संघ ते शब्द आपल्या झेंड्यावर लिहितात.

शेवटचे दिवस

त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला ताप आला, डोके आणि पाठ दुखू लागली. घरात आजी मरणाच्या दारात होती. सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे होते. पिएर जॉर्जोला साधा फ्लू झाला असेल असे घरच्यांना वाटले आणि त्यानेही कुरकूर केली नाही. आजीचे निधन झाले, आणि घरच्यांनी ह्याच्याकडे पाहिले तोवर त्याचे पाय लुळे पडले होते. तो पोलिओ होता. त्या काळी त्यावर लस नव्हती. ती १९५५ साली आली. आपल्या पाड्यांवर थेंब पाजायला येणाऱ्या ताईंच्या आणि आपल्या आयांच्या कष्टांमुळे २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या पायांनी त्याने आल्प्सचे बर्फ तुडवले, ते पाय ह्या रोगाने काही दिवसांत निकामी केले.

३ जुलै रोजी, हात थरथरत असताना, त्याने एक चिठ्ठी लिहिली. अक्षर जेमतेम लागत होते. ती कोणा नातलगाला नव्हती. सोसायटीतल्या मित्राला त्याने कळवले होते की एका आजाऱ्याची इंजेक्शने पोहोचवायची आहेत आणि एकाची गहाणाची पावती त्याच्या खर्चाने नवी करून घ्यायची आहे. ४ जुलै १९२५ च्या संध्याकाळी तो देवाघरी गेला.

अंत्ययात्रेला सिनेटरांच्या ओळखीचे प्रतिष्ठित लोक येतील अशी घरच्यांची अपेक्षा होती. ते आलेच. पण रस्ते भरून गेले होते ते वेगळ्याच लोकांनी. मजूर, विधवा, आजारी, म्हातारे, फाटक्या कपड्यांतली मुले. आईवडील त्यांच्यापैकी कोणालाच ओळखत नव्हते. आणि त्या गरिबांपैकी अनेकांना आपल्या खोलीवर येणारा हा तरुण फ्रासातींचा मुलगा होता हे त्या दिवशी प्रथमच समजले. चोवीस वर्षे एका घरात राहूनही बापाला आपला मुलगा कोण होता हे त्याच्या शवपेटीमागून चालताना कळले. आईवडिलांचा संसार पुढे मोडला नाही. वडील १९६१ मध्ये वारले. अनेक वर्षांनी का होईना, ते देवाकडे वळले होते.

आज त्याचे अवशेष तोरीनोच्या कॅथेड्रलमध्ये आहेत. २००८ मध्ये जागतिक युवा दिनासाठी ते सिडनीला नेण्यात आले होते. इटलीत १९९६ पासून एकेका प्रांतात डोंगरातील एकेका पायवाटेला त्याचे नाव देण्यात आले आहे. मला वाटते, पुतळ्यापेक्षा हे स्मारक त्याला अधिक आवडले असते.

आपल्यासाठी

आपल्या धर्मग्रामातील अनेक मुले पहाटे उठून उंबरगाव, वापीकडच्या कंपन्यांत कामाला जातात. रविवारी त्यांना मित्रांबरोबर बाहेर पडावेसे वाटते. वडीलधारी मंडळी माझ्याकडे तक्रार घेऊन येतात की पोरे भटकतात. पोरे तक्रार करतात की चर्चमध्ये आम्हांला फक्त रागावतात. दोघांनाही मी पिएर जॉर्जो दाखवू इच्छितो. युवकांनो, डोंगरावर जा, हसा, गाणी म्हणा. मात्र मिस्सा आधी, आणि पावसाळ्यात धबधब्याखाली उगाच धाडस नको. बर्फात जाणारा शहाणा माणूसही उतार पाहूनच पाय टाकतो. आणि आईबापांनो, आपला मुलगा कुठे जातो हे विचारता, त्याबरोबरच तो कोणाला मदत करतो हेही विचारा. कदाचित उत्तर ऐकून तुम्ही चकित व्हाल.

संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कामात हात लावायला आपल्याला तरुण हवे आहेत. लावणीच्या दिवसांत आजारी माणसाच्या घरी जाणारा कोणी नसतो, कारण सगळे शेतावर असतात. ज्यांना जमेल त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर मला भेटावे. प्रत्येकाने एकच घर घ्यायचे आहे. वाट चिखलाची आहे, पहिला जाणारा दमेल, पण मागून येणाऱ्याला ती सोपी होईल.

संत पिएर जॉर्जो, आमच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी प्रभू येशूजवळ विनंती कर. आमेन.

तुमचा प्रभूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू